सेल्सने ‘हो’ म्हटलंय, आता काय करायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. मी ऐरोलीला राहतो, महापे एमआयडीसीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. आमचं सॉफ्टवेअर ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी आहे, एलआर (माल गाडीत चढवल्याची पावती), माल नेताना लागणारं जीएसटीचं ई-वे बिल, भाडं-अ‍ॅडव्हान्सचा हिशोब वगैरे. सेल्सवाले डेमोतच पार्टीला सगळं कबूल करून येतात आणि सर पण म्हणतात पार्टी मोठीये, देऊन टाका. आता कळंबोलीच्या पार्टीसाठी वेगळं व्हर्जन, तुर्भ्याच्या पार्टीसाठी वेगळं असं चाललंय. कुठलं काम आधी घ्यायचं ते गुण देऊन ठरवतात त्या राइस स्कोअरिंगची शीट मी बनवून पाठवली, कोणी उघडून पण बघितली नाही. कामं लांबतायत म्हणून सर आता आणखी पोरं घेऊ म्हणतायत. यांना नाही कसं म्हणायचं?

उत्तर : शीट कोणी उघडली नाही यात मला नवल वाटत नाही. राइस म्हणजे किती जणांना उपयोग, किती मोठा उपयोग आणि आपली खात्री किती याचा गुणाकार भागिले मेहनत. हे आलं इंटरकॉम नावाच्या कंपनीतून, त्यांचे ग्राहक हजारोंनी, तिथे ‘किती जणांना’ या रकान्याला काहीतरी अर्थ आहे. तुमच्या पार्ट्या मोजक्या आणि त्यातली एकच अर्धं बिल देत असेल तर तुम्ही टाकलेला आकडा अंदाजपंचेच असणार, आणि धंदा करणाऱ्या माणसाला ते एका नजरेत कळतं.

आता नाही म्हणायचं बाजूला ठेवा, आधी मागणी नक्की कसली आहे ते बघा. माझ्या ओळखीच्या एका टीमकडे एका ट्रान्सपोर्टवाल्याने मागितलं होतं की मुदत संपलेल्या ई-वे बिलांचा रिपोर्ट रोज सकाळी नऊला मेलवर हवा. साधं काम, सेल्सने तिथल्या तिथे हो म्हटलं. पण ई-वे बिलाची मुदत संपते रात्री बाराला, आणि ती वाढवायची असेल तर संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढाच वेळ मिळतो, म्हणजे दुपारी चार ते सकाळी आठ. नऊचा रिपोर्ट येणार तोवर दार बंद होऊन तास झालेला! त्याने नऊ का सांगितलं, तर ऑफिस नऊला उघडतं म्हणून. त्यांच्या बुकिंग क्लार्कशेजारी जाऊन बसल्यावर दिसलं की मुदत वाढवताना गाडी आत्ता कुठे आहे आणि किती किलोमीटर राहिलेत हे भरावं लागतं, म्हणजे ड्रायव्हरला फोन आलाच, आणि ड्रायव्हर रात्री फोन उचलत नाही. शेवटी रिपोर्ट केलाच नाही, संध्याकाळी साडेचारला क्लार्कच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आज रात्री मुदत संपणाऱ्या गाड्यांचे नंबर आणि ड्रायव्हरचे मोबाइल, बस.

म्हणून प्रत्येक मागणीला एकच प्रश्न विचारा, हे हातात आलं की तुम्ही पुढे काय करणार? आणि तो ऑफिसात बसून नको, कळंबोलीला जाऊन त्या काउंटरवर विचारा, महाप्याहून काही लांब नाहीये.

पण याने फार तर निम्म्या मागण्या गळतील. तुमचं खरं दुखणं वेगळंय, हे सॉफ्टवेअर नक्की कोणासाठी आहे हेच सरांनी ठरवलेलं नाहीये. ‘ट्रान्सपोर्टवाला’ हा एक माणूस नाही हो. ज्याच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्याचा जीव डिझेल, टायर आणि फास्टॅगच्या हिशोबात. जो कमिशनवर दुसऱ्यांच्या गाड्या लावतो त्याला पार्टीकडून आलेलं भाडं आणि गाडीवाल्याला दिलेलं भाडं यातला फरक बघायचाय, टायरशी त्याला देणंघेणं नाही. आणि पार्सलवाला एका गाडीत बऱ्याच जणांचा माल भरतो, त्याला सगळ्यांची ई-वे बिलं एकत्र करणारं कन्सॉलिडेटेड बिल हवं. तिघांना एकच सॉफ्टवेअर द्यायला गेलं की वेगळी व्हर्जन्स होणारच, त्यात सेल्सच्या पोरांचा दोष कमी आहे, त्यांना इन्सेन्टिव्ह सही झाल्यावर मिळतो, मग ते हो म्हणणारच. पहिलं वर्ष या तिघांतला एक धरायचा, बाकीचे आले तर जे आहे तसं घ्या म्हणायचं, हीच तुमची स्ट्रॅटेजी, पीपीटी नाही केली तरी चालेल. मला विचाराल तर कमिशनवाला धरा, त्याचा अख्खा धंदाच त्या दोन आकड्यांमधल्या फरकावर चालतो त्यामुळे तो दाखवणाऱ्या गोष्टीला पैसे मोजेल. पण तुमच्या जुन्या पार्ट्यांत कोण जास्त आहेत ते बघूनच ठरवा.

वेगळी व्हर्जन्स मात्र आजपासून बंद. सरांना हे एक उदाहरण सांगा, पैशाचं आहे त्यामुळे कळेल. ई-वे बिलाच्या मुदतीला आधी १०० किलोमीटरला एक दिवस धरायचे, १ जानेवारी २०२१ पासून २०० ला एक दिवस झाला. १ जानेवारी २०२५ पासून १८० दिवसांपेक्षा जुन्या इनव्हॉइस-चलनासारख्या कागदावर ई-वे बिल काढता येत नाही. असे बदल कोणी पार्टी मागत नाही पण ते करावेच लागतात, आणि पाच व्हर्जन्स असतील तर पाच ठिकाणी करा, पाचदा टेस्ट करा, त्यात एक राहिलं की गाडी नाक्यावर अडकली आणि फोन तुम्हाला. कोड एकच ठेवा, पार्टीगणिक जे बदलतं ते सेटिंगमध्ये टाका, आणि जे सेटिंगमध्ये पण बसत नाही त्याचे वेगळे पैसे कोटेशनमध्ये लावा. पैसे लागतात म्हटल्यावर बऱ्याच ‘अर्जंट’ गोष्टी अर्जंट राहत नाहीत.

आणखी पोरं घ्यायचं म्हणाल तर आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की ते आणखी लांबतं. नव्यांना शिकवणार कोण, तर आत्ता काम करतायत तेच ना. सरांना तोंडावर नाही म्हणू नका, ‘हे आत घेतलं तर तुर्भ्याचं दिवाळीनंतर जाईल, चालेल का’ एवढं विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. मेलवरच हां, चहा पिताना दिलेलं उत्तर कोणाला आठवत नाही.

प्रश्न : मी ठाण्यात वागळे इस्टेटला टेस्टर आहे, प्रॉडक्ट ओनर, म्हणजे टीमने काय बनवायचं ते ठरवणारी व्यक्ती, व्हायचंय. सर्टिफिकेट करू का?

उत्तर : कर, पण काय घेतेयस ते बघून घे. या कामाची दोन सर्टिफिकेटं आहेत, सीएसपीओ आणि पीएसपीओ. सीएसपीओ म्हणजे क्लासला बसायचं, परीक्षा नसते. पीएसपीओची परीक्षा असते, ८० प्रश्न, तासाभरात, पास व्हायला ८५ टक्के, क्लास सक्तीचा नाही. त्याआधी स्क्रम, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत, तिचं स्क्रम गाइड वाच, २०२० ची आवृत्ती फुकट आहे आणि जेमतेम १३-१४ पानं. त्यात स्पष्ट लिहिलंय की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, कमिटी नाही, आणि तिचे निर्णय अख्ख्या कंपनीने मानले पाहिजेत. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांत प्रॉडक्ट ओनर म्हणजे जिरा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कामांची तिकिटं लिहिणारा माणूस, तर इंटरव्ह्यूत विचार की बॅकलॉगमधून, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतून, एखादी गोष्ट काढून टाकायचा अधिकार मला असेल का. आणि टेस्टर असल्याचं लपवू नकोस. कस्टमर सॉफ्टवेअर उलटसुलट कसं वापरतो हे तुझ्याइतकं तिथल्या कोणालाच माहीत नसतं, गेल्या काही महिन्यांतले बग काढ, एकाच स्क्रीनवर पुन्हापुन्हा आलेले वेगळे कर आणि ते घेऊन तुझ्या आत्ताच्याच मॅनेजरकडे जा, बाहेर अर्ज करायच्या आधी.