पाणी, भूकंप आणि भुतं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलंय. सगळे नाव काढतात म्हणून लिऊ त्सीशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ इंग्रजीतून आणली. सुरुवातीला विज्ञान कुठं दिसेना, नुसतं चीनचं राजकारण. सोडून देऊ का? (एक विद्यार्थी, औसा)

उत्तर: सोडू नका, महिनाभर बाजूला ठेवा. इंग्रजी आवृत्ती १९६७ च्या सांस्कृतिक क्रांतीपासून सुरू होते. भर सभेत भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला मरेस्तोवर मारतात आणि त्याची मुलगी समोर असते. २००८ च्या चिनी पुस्तकात हा भाग मधे होता; २०१४ च्या अनुवादात केन लिऊ यांनी लेखकाशी बोलून तो पुढे घेतला. ती पानं गाळून पुढं गेलात तर त्या मुलीनं नंतर घेतलेला निर्णय पटणारच नाही, आणि अख्खी कादंबरी त्या निर्णयावर उभी आहे. चिनी नावात आडनाव आधी येतं. ‘ये वेन्जिए’ मधलं ‘ये’ हे आडनाव. पहिल्या कोऱ्या पानावर नाव आणि नातं पेन्सिलीनं लिहीत गेलात तर निम्मा गोंधळ मिटेल. पात्रं मात्र फिकी आहेत. इथं कल्पनाच सगळा भार वाहतात.

तोवर टेड चियांग यांचा ‘स्टोरीज ऑफ युवर लाइफ अँड अदर्स’ (२००२) हा संग्रह घ्या. आधी ‘टॉवर ऑफ बॅबिलॉन’ वाचा. आकाशाला भिडलेला मनोरा रिकाम्या हातानं चढायला दीड महिना लागतो, पण विटांचा गाडा ओढत वर पोचायला चार महिने. एवढ्या एका हिशेबातून लेखक वर राहणारी माणसं, त्यांची शेती, त्यांची लग्नं, सगळं उभं करतो. मग ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’. त्याआधी प्रकाशाच्या अपवर्तनाचं फर्माचं तत्त्व एकदा चाळा: प्रकाश कमीत कमी वेळाची वाट धरतो. कथेची किल्ली तिथं आहे. तिच्यावरच्या २०१६ च्या ‘अरायव्हल’ सिनेमात हा भाग जवळपास नाहीच, त्यामुळे सिनेमा पाहिला असला तरी कथा वाया जात नाही.

प्रश्न: २०१६ ला आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलं. पाण्यावरची, उन्हावरची चांगली विज्ञान कादंबरी सांगा. उपदेश नको. (एक शिक्षक, लातूर)

उत्तर: पाओलो बाचिगालुपी यांची ‘द वॉटर नाइफ’ (२०१५). अमेरिकेच्या पश्चिम भागात ज्यानं पाणी आधी वापरलं त्याचा हक्क आधी, असा कायदा आहे. त्यामुळे जुना कागद ज्याच्या हाती, त्याच्याकडं कोलोरॅडो नदीची चावी. अशा एका कागदामागं कादंबरीतली माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्यावरून होणारी भांडणं ज्यानं पाहिली, त्याला यातला वकिली डाव समजावून सांगावा लागत नाही. छळाची वर्णनं मात्र अंगावर येतात. शाळेच्या कपाटात हे पुस्तक ठेवू नका.

अँडी वीअर यांची ‘द मार्शन’ शेतकऱ्याच्या डोळ्यांनी वाचण्यासारखी आहे. मंगळावर एकटा राहिलेला गडी बटाटे लावतो. एक घनमीटर मातीला ४० लिटर पाणी, हा त्याचा हिशेब. पाणी करायचं म्हणून तो इंधनातलं हायड्राझिन फोडून हायड्रोजन काढतो आणि जाळतो. घोळ कुठं होतो? न जळलेला हायड्रोजन घरभर साठत जातो. त्यानं खोलीतला ऑक्सिजन जवळपास काढून टाकलेला असतो, पण स्वतःच्या उच्छ्वासातून बाहेर पडणारा ऑक्सिजन हिशेबात धरलेला नसतो. स्फोट होतो. कथेची सुरुवात करणारं वादळ मात्र खोटं आहे. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाइतकी विरळ, तिच्यानं यान कलंडणार नाही. लेखकानंही ते मान्य केलंय.

उन्हासाठी किम स्टॅनली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ (२०२०). पहिलं प्रकरण उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेचं आहे, आणि ते एकदम जबरदस्त आहे. वाचताना आकड्यांची गल्लत होऊ देऊ नका. जीव घेतं ते ओल्या फडक्याच्या तापमापीचं तापमान, म्हणजे पाणी किंवा घाम सुकून जिथवर गारवा मिळू शकतो तो आकडा, आणि ३५ अंश ही त्याची मर्यादा मानतात. परभणीत ४४ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर हे तापमान २३-२४ च्या घरात राहतं. म्हणून तर आपल्याकडं कूलर चालतो. ३८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ते ३५ ला टेकतं. पहिल्या प्रकरणानंतर पुस्तक बैठका आणि अहवालांत शिरतं. उपदेश नको म्हणताय, तर मधली प्रकरणं भरभर उलटलीत तरी चालेल.

प्रश्न: राजे, तलवारी, ड्रॅगन यांचा कंटाळा आला. मोठ्या माणसांसाठी अद्भुत कादंबरी आहे का? (एक वाचक, लोहारा)

उत्तर: एन. के. जेमिसिन यांची ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५). या त्रयीच्या तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ असा लागोपाठ ह्यूगो हा विज्ञान आणि अद्भुत साहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. तसं आधी कुणाच्या बाबतीत झालं नव्हतं. जमीन सतत हादरते असं ते जग, आणि काही माणसांना हादरे थोपवता येतात. पण ती शक्ती फुकट नाही. लागणारी ऊर्जा ते भोवतालच्या उष्णतेतून ओढतात, भोवती हिमाचं कडं पडतं आणि त्यात सापडलेला जीव गोठून मरतो. म्हणून ज्यांच्यामुळे गावं वाचतात त्यांनाच गाव ठेचून मारतं. जादू कसाला लावायची असेल तर एवढंच बघावं: तिची किंमत कोण मोजतो, आणि लेखक अडचणीच्या वेळी ती किंमत माफ करतो का. जेमिसिन करत नाहीत.

दोन इशारे. तीन स्त्रियांच्या कथा आलटून पालटून येतात आणि त्यातली एक ‘तू’ असं संबोधून सांगितली आहे. दर प्रकरणाला कोणाची पाळी आहे ते टिपून ठेवा. अनोळखी शब्दांची यादी शेवटी आहे, ती आधी शोधा. दुसरं, सुरुवातच एका लहान मुलाच्या मृत्यूनं होते. किल्लारी भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांच्या घरात अजून बोलली जाते, त्यांनी हे जाणून पुस्तक हाती घ्यावं.

प्रश्न: बारा वर्षांची मुलगी नारायण धारप चोरून वाचते. थांबवावं का? (एक आई, वसमत)

उत्तर: नको. धारपांच्या भयकथांतला नायक ‘समर्थ’, त्याच्या कथा द्या, त्यात वाईटाला उपाय असतो. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली धारपांची ‘लुचाई’ दोन-तीन वर्षांनी. कथा अर्धी ठेवून झोपू देऊ नका. अर्धवट राहिलेली भीतीच रात्री त्रास देते. तुमच्यासाठी शर्ली जॅक्सनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९). जुनी आहे, पण आजचे भयकथा लिहिणारे तिच्याच अंगणात खेळतात. भूत एकदाही धड दिसत नाही, तरी अंधारात धरलेला हात कुणाचा, हा प्रश्न पिच्छा सोडत नाही.

प्रश्न: गावच्या वाचनालयात विज्ञानकथेला कुणी हात लावत नाही. काय करावं? (एक ग्रंथपाल, बीड जिल्हा)

उत्तर: आधी कपाट तपासा. जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ आणि ‘प्रेषित’ बऱ्याच ठिकाणी ‘विज्ञान’ म्हणून गाइडांच्या शेजारी लागलेली असतात. ती कथा-कादंबरीत हलवा. सोबत धारप, रत्नाकर मतकरी आणि हृषीकेश गुप्ते यांची ‘अंधारवारी’ ठेवा. भयकथा वाचायला आलेला वाचक शेजारचं पुस्तकही उचलतो. त्रयीचा पहिलाच भाग घ्या, देवघेव रजिस्टरात तो चार-पाच वेळा गेलेला दिसला की पुढचे मागवा. इंग्रजी पुस्तकं फारच स्वस्तात मिळत असतील तर पैसे देण्याआधी मधलीच वीस पानं उलटून बघा. पुसट छपाई, तिरका समास, शिवणीत गिळलेल्या ओळी दिसल्या तर ती चोरटी प्रत आहे. तिची पानं लवकर सुटतात आणि बिल मिळत नसल्यानं ती हिशेबात दाखवताही येत नाही.