उकड, खरवड आणि आंबट ताक

प्रश्न : माझं बालपण परळच्या चाळीत गेलं. शनिवारी सकाळची शाळा आटोपून घरी आलं की आई तांदळाची उकड करायची. परवा कितीतरी वर्षांनी मी ती करायला घेतली. गणपतीत उरलेलं मोदकाचं पीठ होतं, पाकिटातलं दही आणि नॉनस्टिक कढई. पाणी उकळून पीठ टाकलं तर गुठळ्या झाल्या आणि बाकीचं खळीसारखं चिकट. खाताना काहीतरी चुकल्यासारखंही वाटलं. रविवारी मुलीच्या सासरची माणसं येणार आहेत. त्यांना उकड वाढावी असं मनात आहे, पण मुलगी म्हणते, "आई, हे काय पाहुण्यांना द्यायचं?"
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मी आधी उठून फ्रिजमधलं दही ओट्यावर काढून ठेवलं. उकडीची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. पाकिटातल्या दह्यात वाईट काही नाही, पण ते गोड असतं. मुंबईच्या उकाड्यात रात्रभर बाहेर राहिलं की सकाळी हवा तसा आंबटपणा येतो. आमच्याकडे उकड व्हायची तीच मुळी ताक आंबलं म्हणून.

पीठ मात्र बदला. मोदकाचं पीठ सुवासिक तांदळाचं आणि अगदी बारीक असतं. त्याची पारी सुरेख वळते, पण तोच चिकटपणा उकडीला नको. जुना जाडा तांदूळ धुवून, सावलीत फडक्यावर वाळवून, गिरणीतून किंचित रवाळ दळून आणा. आपल्या आयांच्या हाती रेशनचा जाडा तांदूळच असायचा.

गुठळ्या का झाल्या? उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पडलं की गोळ्याचा वरचा थर लगेच शिजतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. म्हणून १ वाटी पीठ ३ वाट्या आंबट ताकात थंडच कालवायचं. मीठ, चिमूटभर साखर. पीठ मिसळलेलं असलं की तापल्यावर ताक फुटतही नाही. सढळ तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. त्यावर हे ओतून रटरटेपर्यंत ढवळत राहा.

आणि आता भांडं. ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांत आईचं पितळी पातेलं होतं. चाळीच्या चौकात कल्हईवाला भाता लावून बसला की आम्ही मुलं भोवती उकिडवी बसायचो. तापलेल्या पातेल्यात तो नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलावरून कापसाचा बोळा फिरला की आतून चांदी! कल्हई उडालेल्या पातेल्यात आई ताक कधीच घालायची नाही, कळकतं म्हणून. त्या पातेल्याच्या बुडाला उकडीची बदामी खरवड धरायची. आई ती उलथन्यानं सोलून काढायची, आणि मी व धाकटा भाऊ ताटल्या घेऊन तयार. तुम्हाला चुकल्यासारखं वाटलं ते या खरवडीचं असणार. नॉनस्टिकला ती धरत नाही. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, खाली तवा ठेवा, घट्ट झाकण, मंद आच, १० मिनिटं. मध्ये झाकण उघडू नका.

पाहुण्यांना बिनदिक्कत वाढा. फक्त ती मंडळी ताटावर बसली की मगच झाकण काढा, कारण निवली की उकड घट्ट गोळा होते. मध्ये खळगा करून कच्चं गोडेतेल, बाजूला पोह्याचा पापड आणि लिंबाचं लोणचं. श्रीखंड-पुरी त्यांना दहा घरी मिळेल. तुम्ही त्यांना तुमच्या आईच्या हातचं देताय, ताई, याहून मोठा मान कुठला करणार? मुलीसाठी खरवड राखून ठेवा.

प्रश्न : घरी केलेलं मेतकूट कडू झालं. आता टाकून द्यायचं का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : टाकू नका. मेथी करपली असणार. १ वाटी हरभऱ्याच्या डाळीला अर्धा चमचा मेथी पुरते, आणि ती सगळ्यात शेवटी, गरम कढईतच नुसती परतायची. हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ वेगवेगळे भाजून दळा आणि कडू मेतकुटात थोडं थोडं मिसळत चाखत जा. कडवटपणा उतरला की थांबा. गुरगुट्या भातावर तूप जरा जास्त घाला.