शिसवाचा रंग शिवणीवर उतरू नये म्हणून

प्रश्न : शिसव, बिबळा आणि फिकट रंगाची शिवण या लाकडांचे तुकडे जोडून मी गोल कडी तयार करतो आणि ती एकावर एक चिकटवून लेथवर (लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर) वाडगे कातून काढतो. कातल्यावर शिवणीचा पट्टा स्वच्छ दिसतो. मात्र पॉलिश पेपर मारून स्पिरिट पॉलिशचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) पहिला हात दिला की तो जांभळट-तपकिरी पडतो. हे कसे टाळावे? बिघडलेला वाडगा सुधारता येईल का?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : हा डाग दोन वाटांनी येतो. लेथ फिरत असताना पॉलिश पेपर सगळ्या तुकड्यांवरून आडवा जातो, त्यामुळे शिसवाची बारीक भुकटी शिवणीच्या रंध्रांत दाबून बसते. दुसरे म्हणजे शिसवाच्या गाभ्यातील रंगद्रव्ये स्पिरिटमध्ये विरघळतात आणि पॉलिश लावायच्या कापडी बोळ्याबरोबर पुढच्या तुकड्यावर जातात. आपल्या वाडग्यात बहुधा दोन्ही गोष्टी घडत असाव्यात, कारण रंध्रांतली कोरडी भुकटी फारशी नजरेत भरत नाही; स्पिरिट लागताच तीही रंग सोडते.

स्पिरिट बदलून पाण्यात मिसळणारे वॉर्निश घ्यावे, असा सल्ला आपल्याला मिळाला असेल. नुसत्या शिसव-शिवणीसाठी तो वावगा नाही, पण आपल्या वाडग्यात बिबळाही आहे. बिबळ्याच्या (कानडीत होन्ने) पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी तपकिरी झालेले आपल्या भागात अनेकांनी पाहिले असेल. तो रंग पाण्यात उतरतो. म्हणून प्रत्येक लाकडाच्या वेगळ्या कपच्यावर पांढरी सुती चिंधी पाणी, स्पिरिट, थिनर आणि टर्पेंटाइन यांत पाळीपाळीने भिजवून घासावी आणि चिंधीला कशाने किती रंग येतो ते पाहून मगच पॉलिश ठरवावे. चिकटवताना सांध्यातून बाहेर आलेला पांढरा गोंदही याच कारणासाठी ओल्या फडक्याने पुसू नये. तो अर्धवट सुकला की पटाशीने खरवडावा.

खरी काळजी पॉलिशच्या आधीच घ्यावी लागते. हत्याराला ताजी धार लावून शेवटचा हात इतका हलका द्यावा की जाड पेपरची गरजच उरू नये. बारीक पेपर मारतानाही शेवटी लेथ बंद करून शिवणीचे तुकडे नव्या पेपरने तंतूंच्या दिशेने हाताने घासावेत. शिसवावर वापरलेला पेपर त्यांना लावू नये. भुकटी ब्लोअरने किंवा व्हॅक्यूमने काढावी. स्पिरिटच्या फडक्याने वाडगा पुसण्याची सवय पुष्कळांना असते, पण या कामात तिच्याइतके घातक काही नाही.

त्यानंतर फिकट लाकडाची रंध्रे आधी बंद करावीत. मेण काढलेल्या लाखेचे पातळ पॉलिश बारीक ब्रशने फक्त शिवणीच्या तुकड्यांवर, सांध्याच्या किंचित अलीकडे थांबत लावावे आणि पूर्ण सुकू द्यावे. तुकड्यांत तंतूंची तोंडे जिथे उघडी पडतात तिथे लाकूड अधिक पिते, म्हणून तिथे दुसरा हात द्यावा. मग संपूर्ण वाडग्यावर त्याच पॉलिशचे अगदी हलके फवारे मारावेत. फवाऱ्यातले स्पिरिट पृष्ठभागावर पडताच उडू लागते, त्यामुळे त्याला रंग ओढायला वेळ मिळत नाही. भरपूर भिजलेला बोळा फिरत्या वाडग्यावर दाबला की नेमके उलटे होते. असे दोन-तीन फवारे सुकल्यावर मात्र नेहमीप्रमाणे घासता येते, कारण आता भुकटी रंध्रांत न शिरता लाखेच्या थरावर राहते. खानापूरच्या पावसाळ्यात हे काम उघडीप पाहूनच करावे. दमट हवेत स्पिरिट पॉलिश पांढरे धरते आणि सुकायलाही वेळ घेते.

बिघडलेला वाडगा पुन्हा स्पिरिटने धुऊ नये, त्याने डाग आणखी खोल जातो. ब्लीच लावल्यास शिसवाचा काळेपणाही फिका पडेल. वाडग्याची भिंत पुरेशी जाड असेल, तर तो लेथवर पहिल्यासारखाच मध्यावर बसवून धारदार स्क्रेपरने पातळ साल काढावी आणि शिवणीचा मूळ रंग दिसताच, पेपर न लावता, आधी तिच्यावर लाखेचा हात द्यावा.