बोनससाठी आणखी सहा महिने सोसावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साहेब रोज चारचौघांत अपमान करतात, रात्री-अपरात्री फोन येतात, झोप उडाली आहे, रक्तदाब वाढला आहे. नोटीस दोन महिन्यांची. बोनस चार महिन्यांनी, पण त्या दिवशी नोटिशीवर असाल तर मिळणार नाही. आज राजीनामा द्यावा, की बोनस घेऊन, म्हणजे नोटीस धरून आणखी सहा महिने काढून?

माझं मत: आज नको, बोनसपर्यंतही नको. पाच आठवड्यांनी द्या.

हातात येणारा पगार 100 धरू. तुम्ही महिन्याचा खर्च 70 लिहिलाय, कर्जाच्या हप्त्यासकट. त्यात विम्याचे हप्ते, फी असे वर्षातून एकदाच येणारे खर्च नाहीत. ते धरून 76. नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमा थांबेल, स्वतःचा घ्यावा लागेल. म्हणजे 80. बचत खात्यात आणि ठेवीत मिळून 280 आहेत.

तुम्ही पाठवलेल्या करारातल्या कलमात जॉइनिंग बोनसचे, म्हणजे रुजू होताना मिळालेले, 100 परत करण्याची अट '24 महिने पूर्ण होण्याआधी राजीनामा दिल्यास' अशी आहे. म्हणजे शेवटचा दिवस नव्हे, राजीनाम्याची तारीख मोजली जाणार. 24 महिने नोटिशीच्या काळात भरतील, हा तुमचा हिशोब इथे चुकतो. पाच आठवडे थांबलात तर ते आधीच भरतात. आज राजीनामा दिलात तर नोटिशीच्या दोन महिन्यांतले 48 (दरमहा 100 वजा 76) शिल्लक धरूनही, ते 100 परत केल्यावर 228 उरतात, जेमतेम तीन महिने. पाच आठवड्यांनी दिलात तर साधारण 350, म्हणजे सव्वाचार महिन्यांहून थोडं जास्त. इक्विटी फंडातले, म्हणजे शेअर बाजारात गुंतवलेले, 200 मी 140च धरतो, कारण गरज पडेल तेव्हा बाजार कुठे असेल सांगता येत नाही. ते मिळवून सहा महिने निघतात.

बोनसचे कर वजा जाता 110. त्यासाठी आणखी तीन महिने तिथे काढायचे. घरखर्चाच्या भाषेत ते 110 दीड महिन्यापेक्षाही कमी आहेत, आणि या तब्येतीत मुलाखती कशा द्याल याची मला जास्त काळजी वाटते. नव्या कंपनीशी पगार ठरवताना बुडणाऱ्या बोनसचा विषय जरूर काढा. बऱ्याचदा त्यातलं काही भरून मिळतं.

हे पाच आठवडे कसे काढायचे? शिल्लक 14 रजा आत्ताच वापरा, नोटिशीत त्या बहुधा नाकारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने गळून जाण्याची, नोंद कामाशी निगडित अवस्था अशी आहे, आजार अशी नाही. म्हणून अर्जात नुसतं तेवढंच लिहू नका, झोप आणि रक्तदाबाबद्दल डॉक्टरांकडून लिहून घ्या. डॉक्टर थांबा म्हणाले, तर मात्र ते 100 सोडून द्या.

आरोग्य विम्याचा अर्ज याच आठवड्यात भरा आणि रक्तदाब लपवू नका. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी निघतो आणि दावा फेटाळला जातो. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो, तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. पगारपत्रकं, नेमणूकपत्र, मूल्यांकनाचे कागद स्वतःकडे ठेवा. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घरी आणू नका, उलट तुमच्यावरच कारवाई होईल.

राजीनामा हातात पडताच 'उद्यापासून येऊ नका' असं सांगितलं जाऊ शकतं. त्या दोन महिन्यांचा पगार मिळतो का, हे करारात आधी पाहा. मिळत नसेल तर 350 चे 300 होतील. अंतिम हिशोबाची रक्कम यात मी मुद्दामच धरलेली नाही, ती रखडते.

कर्ज आगाऊ फेडू नका, निवृत्तीच्या पैशाला हात लावू नका. तीन हप्ते वेगळ्या खात्यात काढून ठेवा. नोकरी सुटल्यावर तिसरा महिना संपेपर्यंत नवं काम मिळालं नाही, तर फंड तेव्हाच विकायला काढा. ठेव पूर्ण संपायची वाट पाहिलीत, तर पडेल त्या भावाला विकावं लागेल.