पेरूमध्ये जेवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

माचू पिक्चूच्या सहलीला जोडून लिमा आणि कुस्को येथे काही दिवस राहून आलेल्या, अथवा जाण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत. त्यांतील बहुतेक पत्रे भग्नावशेषांविषयी नसून तेथील उपाहारगृहांविषयी आहेत. त्यांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : लिमामधील एका प्रसिद्ध सेविचेरियात, म्हणजे ‘सेविचे’ या लिंबूरसातल्या माशाच्या पदार्थासाठी असलेल्या उपाहारगृहात, आम्ही रात्री आठ वाजता पोहोचलो, तर दार बंद होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर पानात मासा कच्चाच आला. तो थोडा शिजवून आणावा अशी विनंती केल्यावर वेटर नुसता बघत राहिला. जेवण आटोपल्यानंतर पाऊण तास कोणी बिलही आणले नाही. ज्या पाकपरंपरेचे जगभर एवढे कौतुक होते, तेथे ग्राहकाची अशी उपेक्षा का व्हावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्या तिन्ही तक्रारी मी दोनदा वाचल्या आणि त्यांतील एकही उपेक्षेची नाही, अशा मताला आलो. सेविचे हा पदार्थ पेरूमध्ये दुपारचा मानला जातो. पहाटे बोटीवरून उतरलेला मासा दुपारपर्यंत संपवायचा, रात्रीपर्यंत तो शिळा झाला असे समजायचे, ही शीतपेट्या येण्यापूर्वीची शिस्त तेथे आजही पाळली जाते, त्यामुळे बहुतेक सेविचेरिया दुपारी चार-पाचच्या सुमारास बंद होतात. पर्यटकांसाठी रात्री उघडी राहणारी ठिकाणे आहेत. परंतु जुना लिमावासी तेथे रात्री सेविचे मागवणाऱ्याकडे, आपण दुपारच्या जेवणाला नुसती साबुदाण्याची खिचडी मागणाऱ्याकडे पाहावे, तसे पाहील.

मासा शिजवून आणण्याविषयी सांगायचे, तर तो ‘कच्चा राहिलेला’ नसतो. लिंबाच्या आंबट रसाने माशातील प्रथिने घट्ट होतात आणि मांस पांढरे दिसू लागते. त्यावर मीठ, बारीक चिरलेला तांबडा कांदा आणि आही लिमो नावाची झणझणीत मिरची घालतात, सोबत उकडलेले रताळे आणि टपोऱ्या दाण्यांचा मका येतो. हल्ली हे मुरवणे काही मिनिटांचेच असते. मात्र आंबट रस म्हणजे आच नव्हे. त्याने जंतू मरतीलच असे नाही, म्हणून सगळी मदार ताजेपणावर असते. असा पदार्थ परत तव्यावर घालण्याची विनंती वेटरला कळलीच नसावी. कच्चे खाणे मानवत नसेल, तर त्याच ठिकाणी ‘चिचारोन दे पेस्कादो’, म्हणजे तळलेले माशाचे तुकडे, किंवा ‘सुदादो’, म्हणजे कांदा-टोमॅटोच्या रसात झाकण ठेवून शिजवलेला मासा मागावा. कोकणातल्या माणसाला सुदादो लगेच आपलासा वाटतो. फक्त त्यात नारळ नसतो.

बिलाचे कारण वेगळे आहे. न मागता बिल आणून ठेवणे म्हणजे पाहुण्याला ‘आता उठा’ असे सुचवणे, असे तेथे समजले जाते. जेवणानंतर टेबलाशीच गप्पा मारत बसण्याला स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्द आहे. बिल हवे असल्यास ‘ला कुएन्ता, पोर फावोर’ असे म्हणावे. वेटर तरुण असो वा पन्नाशीचा, त्याला ‘होवेन’ आणि स्त्री असल्यास ‘सेन्योरिता’ अशी हाक मारतात. चुटक्या वाजवणे किंवा ‘शुक् शुक्’ करणे तेथे अपमानाचे वाटते. (ते आपल्याकडेही अपमानाचेच आहे, हा भाग निराळा.)

आणखी एक खुलासा येथेच करतो. पेरूमध्ये ‘मेनू’ मागितला, तर पदार्थांची यादी मिळत नाही. मेनू म्हणजे दुपारचे ठरावीक किमतीचे जेवण. त्यात एखादे सूप किंवा आधीचा पदार्थ, मग मुख्य पदार्थ आणि पेलाभर सरबत येते. यादी हवी असेल, तर ‘ला कार्ता’ मागावी.

प्रश्न : आम्ही चौघेही शाकाहारी आहोत. ‘मांस नको’ असे आमच्या मार्गदर्शकाने सांगूनही एका ठिकाणी सुपात कोंबडीचे तुकडे निघाले. हा निष्काळजीपणा समजावा की फसवणूक? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : बहुधा दोन्ही नव्हे. तेथील रोजच्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः गाई-बैलाचे मांस. कोंबडी आणि मासळी त्या शब्दात बसत नाहीत. त्यामुळे ‘सीन कार्ने’ म्हटल्यावर स्वयंपाकघराने आपले म्हणणे अक्षरशः पाळलेले असू शकते. ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो’ (मी मांस खात नाही, कोंबडी नाही, मासेही नाहीत) हे वाक्य पाठ करावे आणि पुढे सुपाविषयी वेगळे विचारावे, कारण किन्वाचे सूपसुद्धा बहुतेक ठिकाणी हाडांच्या रश्शात शिजवतात.

‘पापा आ ला वांकाइना’ हा पदार्थ आपल्या कामाचा आहे : उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर पनीरसारखे ताजे चीज, दूध आणि आही आमारियो ही पिवळी मिरची वाटून केलेला सॉस घालतात. वर अर्धे उकडलेले अंडे असते, ते चालत नसल्यास आधीच नको म्हणावे. लिंबू आणि तीच मिरची घालून मळलेल्या बटाट्याची ‘काउसा’ सहसा कोंबडी किंवा ट्यूना भरून येते. ‘पाल्ता’, म्हणजे ॲव्होकॅडो, भरून मागता येते. अरेकिपा शहराकडचे ‘सोल्तेरितो’ हे पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांचे (‘हाबास’), मक्याचे आणि ताज्या चीजचे सॅलड आहे. ‘चिफा’ म्हणजे पेरूतील चिनी उपाहारगृहे; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे आणल्या गेलेल्या चिनी मजुरांच्या वंशजांनी ही पद्धत रुजवली. तेथे भाज्यांचे पदार्थ भरपूर मिळतात, पण त्यांत बरेचदा कालवांचा सॉस असतो, तो वगळण्यास सांगावे. प्रवासात बरोबर ठेवण्यासाठी बाजारातून ‘कीविचा’च्या वड्या घ्याव्यात. कीविचा म्हणजे आपल्या राजगिऱ्याचे अँडीज पर्वतातले भावंड, आणि त्या वड्यांची चवही थेट उपासाच्या दिवसांची आठवण करून देते.

प्रश्न : कुस्कोमधील एका उपाहारगृहात दोनदा चुकीचा पदार्थ आला आणि बिलात वर दहा टक्के सेवाशुल्क लावलेले होते. भारतात असे शुल्क सक्तीने लावता येत नाही. तेथे दाद कोणाकडे मागायची? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : भारताविषयी आपण म्हणता ते खरे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पेरूचा कायदा मात्र वेगळा आहे. तेथे ‘रेकार्गो अल कोन्सूमो’ नावाचे शुल्क लावण्याची मुभा आहे, त्याला 13 टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती रक्कम कर्मचाऱ्यांसाठी असते. परंतु ग्राहकाला ते आधी ठळकपणे कळवलेले असले पाहिजे, आणि यादीतील किमती करांसह पूर्ण दाखवल्या पाहिजेत. म्हणून शुल्क लावले की नाही, यापेक्षा ते आधी सांगितले होते का, हा खरा मुद्दा आहे. यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत ते छापले होते का, हे आठवून पाहावे. शुल्क दिले असेल, तर निराळी टिप देण्याचे कारण उरत नाही. ते नसेल, तर मोठ्या ठिकाणी दहा टक्क्यांच्या आसपास टिप ठेवतात आणि मेनू देणाऱ्या साध्या खाणावळीत कोणी तिची अपेक्षा करत नाही.

दाद मागण्याची सोय पेरूमध्ये चांगली आहे, आणि त्या बाबतीत मला त्या देशाचा थोडा हेवाच वाटतो. 2010 च्या ग्राहक संरक्षण संहितेनुसार ग्राहकांसाठी खुल्या असलेल्या प्रत्येक आस्थापनेला ‘लिब्रो दे रेक्लामासियोनेस’, म्हणजे तक्रारवही, ठेवावी लागते आणि ती आहे अशी पाटी दर्शनी भागात लावावी लागते. ग्राहकाने मागताच वही द्यावी लागते. त्यात दोन प्रकार असतात : वस्तू किंवा सेवाच सदोष असेल, तर ‘रेक्लामो’, आणि वागणुकीविषयी नाराजी असेल, तर ‘केहा’. आपला चुकीचा पदार्थ आणि शुल्क रेक्लामोमध्ये बसतात. आपल्याला नेमके काय हवे, पैसे परत की आणखी काही, हे त्यातल्या वेगळ्या रकान्यात स्पष्ट लिहावे. तो रकाना मोकळा सोडणे ही नेहमीची चूक आहे. पान भरल्यावर आपली प्रत घेऊनच बाहेर पडावे. उत्तर पंधरा कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते, आणि ते न मिळाल्यास किंवा वही देण्यासच नकार मिळाल्यास ‘इंदेकोपी’ या सरकारी संस्थेकडे जाता येते. भाषेची अडचण असल्यास पर्यटकांसाठी असलेल्या ‘ई-पेरू’ कार्यालयात विनामूल्य साहाय्य मिळते. कुस्कोमध्ये असे कार्यालय आहे.

लिमाच्या मिराफ्लोरेस भागातील एका उपाहारगृहात मलाही असेच न सांगितलेले शुल्क लावले गेले होते. मी वही मागितली, तेव्हा कपाटाची किल्ली व्यवस्थापकाकडे असल्याचे गल्ल्यावरून सांगण्यात आले. मी काही न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. दहा मिनिटांत शुल्क वजा केलेले नवे बिल आले. दुसऱ्या एका ठिकाणी उशिराबद्दल मी केहा लिहिली, तिच्या उत्तरादाखल अत्यंत नम्र क्षमापत्र आले आणि त्यापलीकडे काहीही आले नाही.

प्रश्न : बाजारातील रसाच्या गाळ्यावर पेला संपताच बाईंनी भांड्यात उरलेला रस पुन्हा ओतून दिला. मी घाईत निघालो. त्याचे पैसे द्यायला हवे होते का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. ती ‘यापा’, भाजी घेतल्यावर वर मिळणाऱ्या मिरची-कोथिंबिरीसारखी. काही वेळा ती मागावी लागते आणि मागण्यात संकोच नसतो. पुढच्या वेळी त्याच गाळ्यावर जाऊन बाईंना ‘कासेरिता’ अशी हाक मारावी. नेहमीचे गिऱ्हाईक आणि नेहमीचा विक्रेता एकमेकांना याच शब्दाने हाक मारतात.