मॅच जोहान्सबर्गला, सिंह क्रूगरला, एकाच सुट्टीत जमेल का?

प्रश्न: ताई, जुलैत आम्ही चौघं साउथ आफ्रिकेला चाललोय. मुलगा कॉलेजात रग्बी खेळतो, त्याला स्प्रिंगबॉक्सची (म्हणजे तिथल्या राष्ट्रीय रग्बी टीमची) मॅच स्टेडियममध्ये बसून बघायचीच आहे. मिस्टरांना क्रूगरचं जंगल हवंय. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही आणि सासूबाई पक्क्या शाकाहारी. एजंट म्हणतो शनिवारी संध्याकाळी मॅच बघा आणि रात्रीच गाडीने क्रूगर गाठा, एक दिवस वाचेल. वाचेल का?
- एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही वाचणार, उलट रात्र वाया जाईल. जोहान्सबर्गहून क्रूगरचं मलेलाने गेट साधारण ४०० किमी, म्हणजे पाच तास धरा. जुलैत क्रूगरची गेटं संध्याकाळी साडेपाचला बंद होतात ती सकाळी सहालाच उघडतात, मग मध्यरात्री तिथे पोचून करणार काय, सासूबाईंना गाडीत झोपवणार? शनिवारी मॅच, रात्री हॉटेलात मस्त झोप, रविवारी नाश्ता करून एन-४ हायवेने निघा आणि दुपारी तीनच्या आत गेटवर पोचा, कारण आत स्पीड लिमिट डांबरी रस्त्यावर ५० आणि कच्च्यावर ४०, आणि पार्कच्या आतल्या तुमच्या मुक्कामाच्या कॅम्पचं दारही साडेपाचलाच लागतं. उशीर झाला तर दंड.

जोहान्सबर्गच्या एलिस पार्क स्टेडियमची मॅच असेल तर चांदीच. १९९५ ची वर्ल्ड कप फायनल तिथलीच, न्यूझीलंडला एक्स्ट्रा टाइममध्ये १५-१२ हरवलं आणि मंडेला कॅप्टन पिनारचा ६ नंबरचा जर्सी घालून मैदानात आले होते. पण स्टेडियमच्या आसपास रात्री पायी भटकायचं नाही, जायची-यायची सोय आधीच ठरवा. प्रिटोरियाच्या लॉफ्टस स्टेडियमला मॅच असेल तर सोपं, गाउट्रेन या लोकल रेल्वेचं हॅटफिल्ड स्टेशन जवळ पडतं.

खेळाचं म्हणाल तर मीही लॉफ्टसला गेले तेव्हा कोरी पाटीच होते. शेजारी एक जाडजूड आजोबा, हातात बिलटाँगची पुडी (सुकवलेलं मांस, सासूबाईंना सांगू नका), ते म्हणाले एकच लक्षात ठेव पोरी, हातातून पास फक्त मागे, पुढे नाही. बस, अर्धा गेम तिथेच कळला! ट्रायचे (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की) ५, त्यानंतरच्या किकचे २, पेनल्टीचे ३, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन हाफ. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ एकमेकांना भिडतात तेव्हा जो धप्प आवाज होतो ना, तो टीव्हीवर येतच नाही. आणि राष्ट्रगीत चुकवू नका, एकाच गाण्यात पाच भाषा आहेत, आजोबा पाचही भाषांत गायले आणि मग रुमाल काढून नाक पुसत बसले.

शाकाहाराचं टेन्शन नको. जोहान्सबर्गला फोर्ड्सबर्ग म्हणून जुना भारतीय वस्तीचा भाग आहे, तिथून डाळ-तांदूळ-मसाले भरून घ्या. क्रूगरच्या कॅम्पमध्ये छोट्या किचनची झोपडी बुक केलीत की वरण-भात तिथेच. फक्त ती बुकिंगं महिनोन्‌महिने आधी भरतात, त्यामुळे एजंटला आजच फोन लावा, उद्या नाही.

प्रश्न: क्रूगरला ताडोबासारखी जिप्सी आणि गाइड घ्यावाच लागतो का?
- चंद्रपूरहून

उत्तर: नाही हो, तिथे स्वतःची गाडी स्वतः चालवत फिरता येतं, रस्तेही आपल्यासारखे डाव्या बाजूचे. फक्त ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही, म्हणजे नाहीच, फोटोसाठी पण नाही. ताडोबात सगळे वाघामागे पळतात तसं इथे करू नका, पार्क जवळपास २०,००० चौरस किमीचं आहे, पळून कुठे जाल. स्कुकुझा ते लोअर साबी नदीकाठच्या रस्त्यावर एका वळणाला इंजिन बंद करून बसलो होतो आम्ही, चाळीस मिनिटं काही नाही, आणि मग एक मोठा सुळेवाला हत्ती गाडीपासून दोन हातांवरून गेला, त्याच्या पोटातली गुडगुड ऐकू येत होती. कॅम्पमध्ये नकाशाचा बोर्ड असतो, कुठे काय दिसलं त्याच्या रंगीत खुणा लावलेल्या, रोज संध्याकाळी तो बघून दुसऱ्या दिवशीचा रस्ता ठरवा. एकदा तरी पार्कच्या गाडीतून सनसेट ड्राइव्ह घ्या, अंधारात फिरायची परवानगी त्यांनाच असते. तिथे जुलै म्हणजे थंडी, उघड्या गाडीत कानटोपी लागतेच. आणि पिकनिक स्पॉटवर माकडांपासून सांभाळा, माझा चीज टोस्ट मी बघत असतानाच गेला!

प्रश्न: लसी कुठल्या घ्याव्यात?
- ठाण्याहून

उत्तर: विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल आणि तिथला थांबा बारा तासांपेक्षा जास्त असेल तर यलो फीव्हरचं सर्टिफिकेट लागतं. क्रूगरला मलेरियाचा धोका हिवाळ्यात कमी, पण अजिबात नाही असं नाही, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. लहान मुलं असतील आणि भीती वाटत असेल तर पिलानेसबर्गचं जंगल बघा, जोहान्सबर्गपासून अडीच-तीन तास आणि मलेरिया नाही. आणि हो, चार्जरसाठी ॲडॉप्टर न्यायला विसरू नका, आपल्या गिझरचा मोठा तीन पिनी प्लग असतो ना, त्याच्यासारखाच सॉकेट तिथे भिंतीत असतो, चार्जरची छोटी पिन त्यात बसत नाही.