ब्लिट्झ इतका भेदक असेल, तर प्रशिक्षक तो प्रत्येक चालीला का करत नाहीत?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या संघाने ब्लिट्झ केला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या अंगावर नेहमीपेक्षा जास्त माणसे सोडली, की त्याची तारांबळ उडते हे उघड दिसते, मग व्यावसायिक संघांचे प्रशिक्षक दर चालीला तेच का करत नाहीत. आणि टीव्हीवर सामना पाहताना ब्लिट्झ येतो आहे हे आधी ओळखता येते का. मी गेली अठरा वर्षे पिट्सबर्गमध्ये राहतो आणि इथल्या स्टीलर्स संघाचा उघड पक्षपाती आहे. पुढच्या उदाहरणांत त्या संघाला झुकते माप मिळाल्यासारखे वाटले, तर ते मिळालेलेच आहे असे समजावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका चालीत सापडते. ६ डिसेंबर २०२० रोजी न्यू यॉर्क जेट्स हा संघ लास व्हेगस रेडर्सविरुद्ध २८-२४ असा पुढे होता आणि सामना संपायला १३ सेकंद उरले होते. जेट्सने त्या मोसमात तोवर एकही सामना जिंकलेला नव्हता. रेडर्सना टचडाउनशिवाय, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेल्याशिवाय, तरणोपाय नव्हता आणि गोलरेषा ४६ यार्ड दूर होती. अशा वेळी कोणीही बचावाची माणसे मागे खेचून गोलरेषा राखील आणि समोरच्याला मधल्या मैदानात हवे तेवढे यार्ड खुशाल घेऊ देईल. जेट्सच्या बचावाची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या ग्रेग विल्यम्स यांनी नेमके उलटे केले. त्यांनी क्वार्टरबॅक डेरेक कार याच्या अंगावर माणसे सोडली आणि मागे राखणीला कोणालाही ठेवले नाही. हेन्री रग्ज या अतिशय वेगवान रिसीव्हरसमोर, म्हणजे फेक झेलणाऱ्यासमोर, पहिल्याच मोसमात खेळणारा एक कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू, एकटा उरला. रग्जने एक हुलकावणी दिली, कॉर्नरबॅक मागे पडला, आणि घड्याळात ५ सेकंद शिल्लक असताना चेंडू टचडाउनसाठी रग्जच्या हातात विसावला. जेट्स ३१-२८ असे हरले. दुसऱ्या दिवशी विल्यम्स यांची नोकरी गेली.

विल्यम्स यांना त्यानंतर सर्वांनी वेड्यात काढले, पण त्यांचा हिशोब अगदीच अडाणी नव्हता. रिसीव्हरला ४६ यार्ड धावायला वेळ लागतो. तेवढ्यात क्वार्टरबॅकला गाठले तर लांब फेक होणारच नाही, असा तो हिशोब होता. कारला अवघा एखादा सेकंद जास्त मिळाला आणि हा हिशोब कोसळला.

हे गणित मी पुण्याहून आलेल्या माझ्या मामेभावाला एकदा जेवणाच्या टेबलावर शेंगदाणे आणि फुटाणे मांडून दाखवले होते, तसेच इथे मांडतो. दोन्हीकडे अकरा दाणे घ्या. चढाई करणाऱ्या संघाचे पाच शेंगदाणे एका ओळीत ठेवा. हे लाइनमन, त्यांचे काम फक्त आडवे येणे. त्यांच्या मागे एक क्वार्टरबॅक. उरलेले पाच जण चेंडू झेलायला मोकळे असतात. आता बचावाचे चार फुटाणे क्वार्टरबॅककडे ढकला, कारण नेहमीच्या चालीत साधारण चारच जण धावून जातात. चौघांना अडवायला पाच जण आहेत, आणि मागे पाच रिसीव्हरांवर लक्ष ठेवायला बचावाचे सात जण आहेत. पाचवा फुटाणा ढकलला की त्याला ब्लिट्झ म्हणतात. सहावा ढकलला की अडवणारे पाच आणि येणारे सहा, म्हणजे एक जण मोकळा सुटून थेट क्वार्टरबॅकवर जातो; पण मागे पाच रिसीव्हरांना पाचच राखणदार उरतात आणि कोणी चुकला तर सावरायला एकही जण शिल्लक नसतो. मामेभावाने सातवा फुटाणाही पुढे ढकलून पाहिला आणि मागे मोकळा राहिलेला शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. प्रत्यक्षातही साधारण तेच घडते.

अगदी मागे, खोल राखणीला किती जण आहेत त्या आकड्यावरून इथे बचावाच्या आखण्यांची नावे पडली आहेत: मागे दोन सेफ्टी असतील तर कव्हर दोन, एकच असेल तर कव्हर एक, कोणीच नसेल तर कव्हर शून्य. जेट्सची ती चाल कव्हर शून्य होती. ब्लिट्झसाठी पुढे आणलेला प्रत्येक माणूस असा मागच्या मैदानातून उसना घेतलेला असतो. ही उधारी फेडता आली तर सॅक मिळते, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडू हातात असतानाच आडवा होतो. नाही फेडता आली तर टचडाउन बसतो.

ही उधारी बेधडक करणारे सर्वांत नावाजलेले प्रशिक्षक म्हणजे १९८५ च्या शिकागो बेअर्स संघाचे बडी रायन. त्यांच्या आखणीला ‘फॉर्टी सिक्स’ म्हणत. डग प्लँक नावाच्या त्यांच्या सेफ्टीच्या जर्सीचा तो क्रमांक. प्लँक १९८५ पर्यंत संघात राहिलाही नव्हता, पण नाव टिकले. तिची मेख अशी होती की समोरच्या पाच लाइनमनांतला मधला, म्हणजे सेंटर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड या तिघांच्याही थेट नाकासमोर बचावाचा एकेक धिप्पाड लाइनमन उभा केला जाई. त्यामुळे सेंटरला शेजाऱ्याच्या मदतीला सरकता येत नसे आणि बाजूने येणाऱ्यांना अडवायला माणूस कमी पडे. शिवाय एक सेफ्टी पुढे आणून पुढच्या फळीत आठ जणांची गर्दी केली जाई, आणि त्यांतले कोणते येणार हे समोरच्याला कळत नसे. त्या मोसमात बेअर्सने ६४ सॅक केल्या. २६ जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, त्यांनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४६-१० असे हरवले. पेट्रियट्सना चेंडू घेऊन धावून अख्ख्या सामन्यात केवळ ७ यार्ड मिळाले, आणि त्यांचा सुरुवातीचा क्वार्टरबॅक टोनी ईसन सहापैकी एकही फेक पूर्ण करू न शकल्याने बाहेर बसवला गेला.

त्या मोसमात बेअर्स एकच सामना हरले, आणि माझ्या मते शिकण्यासारखा सामना तोच आहे. मायामी डॉल्फिन्सनी त्यांच्याविरुद्ध मध्यंतरालाच ३१-१० अशी आघाडी घेतली आणि पुढे ३८-२४ असा विजय मिळवला. डॉल्फिन्सकडे डॅन मारिनो होता, आणि त्याच्या हातून चेंडू इतक्या झटकन सुटे की धावून येणारा माणूस पोहोचेपर्यंत काम झालेले असे. शिवाय तीन रिसीव्हर मैदानात आणल्यावर पुढे गर्दी केलेल्या आठ जणांपैकी कोणाला तरी त्यांच्यामागे धावणे भाग पडले, आणि ते त्यांचे काम नव्हते. पुढे सर्वच संघ असे पटकन फेकू लागले. जिथून ब्लिट्झ येतो तिथेच मैदान मोकळे पडते, तेव्हा चेंडू तिथेच टाकायचा, हा नियम क्वार्टरबॅकच्या अंगवळणी पडला.

यावरचा तोडगा मला या खेळातला सर्वांत देखणा वाटतो. तो डिक लबो यांचा. ते स्वतः डेट्रॉइट लायन्सचे कॉर्नरबॅक होते आणि त्यांच्या नावावर प्रतिस्पर्ध्याच्या ६२ फेकी झेलल्याची नोंद आहे, म्हणजे क्वार्टरबॅक घाईत कुठे फेकतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९८० च्या दशकात सिनसिनाटी बेंगॉल्सचा बचाव सांभाळताना ते बिल आर्न्सपार्गर यांच्याकडे सल्ल्याला गेले. आर्न्सपार्गर म्हणजे १९७२ साली एकही सामना न हरलेल्या डॉल्फिन्सच्या बचावाचे शिल्पकार. ज्यात मागची बाजू उघडी पडत नाही असा, जोखीम नसलेला दबाव ही कल्पना लबोंनी तिथून उचलली आणि तिचा पुढे ‘झोन ब्लिट्झ’ झाला. यात डावीकडून एक लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या लाइनमनांमागे उभा राहणारा खेळाडू, आणि त्याच्यामागे एक कॉर्नरबॅक धावून जातो. क्वार्टरबॅकला ते दिसते आणि त्यांनी सोडलेल्या मोकळ्या जागेत तो डोळे झाकून चेंडू टाकतो. पण क्वार्टरबॅकच्या अंगावर जायचे ज्याचे एरवीचे काम, तो दीडशे किलोच्या आसपासचा एखादा लाइनमन या वेळी दोन पावले मागे सरकून नेमका त्याच जागेत उभा असतो. एकूण येतात पाचच. उरलेल्या सहांपैकी तिघे खोल आणि तिघे मध्ये, आपापला पट्टा राखून. म्हणजे ब्लिट्झचा धसका पुरेपूर बसतो, आणि मागची राखण मात्र जवळपास शाबूत राहते.

लबो नंतर पिट्सबर्गला आले, आणि त्यांच्या काळातली सर्वांत गाजलेली चाल तर एका न केलेल्या ब्लिट्झची आहे. १ फेब्रुवारी २००९, टॅम्पा, सुपर बोल, मध्यंतराला १८ सेकंद बाकी. स्टीलर्स १०-७ असे पुढे, पण ॲरिझोना कार्डिनल्स गोलरेषेला जवळजवळ टेकलेले. लबोंनी सर्वांना आत घुसायला सांगितले होते. जेम्स हॅरिसन या लाइनबॅकरने एक पाऊल पुढे टाकल्यासारखे केले आणि ऐन वेळी, स्वतःच्या अंदाजाने, तो मागे सरकला. ब्लिट्झ दिसतो आहे म्हणजे कर्ट वॉर्नर आतल्या बाजूला झटपट छोटी फेक करणार, हे त्याने ताडले होते. वॉर्नरने तसेच केले. समोरच्या लाइनमनांच्या आडोशाला हॅरिसन त्याला दिसलाच नाही. हॅरिसन तो चेंडू घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत १०० यार्ड धावला आणि टचडाउन करून तिथेच धापा टाकत पडून राहिला. मध्यंतराला १०-१४ अशी पिछाडी होऊ शकली असती, तिथे १७-७ अशी आघाडी झाली. स्टीलर्सनी सामना २७-२३ असा जिंकला. प्रशिक्षकाचा हुकूम मोडणाऱ्या खेळाडूचे एवढे कौतुक क्वचितच होते, आणि त्याचा अंदाज चुकला असता तर ते झाले नसते हेही खरे.

आपल्याकडे ब्लिट्झ समजावताना क्रिकेटमधल्या आक्रमक क्षेत्ररचनेची उपमा देतात: चार स्लिप, एक गली आणि सीमारेषा मोकळी. ती अर्धीच लागू पडते. क्रिकेटमध्ये फलंदाज मान वळवून क्षेत्ररक्षक मोजू शकतो, आणि गोलंदाज धावू लागल्यावर क्षेत्ररक्षकाला मनमानी जागा बदलता येत नाही. इथे सगळी कला त्याच क्षणात आहे. २००८ पासून बचाव संघातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचतो, पण चाल सुरू करायच्या ४० सेकंदांच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचे सोंग खेळाडूंनीच वठवायचे असते: येणाऱ्याने येत नसल्यासारखे उभे राहायचे आणि न येणाऱ्याने आता झेप घेतो असे दाखवायचे.

सध्या हे सोंग सर्वांत चांगले वठवून घेतात ते कॅन्सस सिटी चीफ्सचे स्टीव्ह स्पॅग्नुओलो, आणि ते ब्लिट्झ कधी खर्च करायचा हे जाणतात. ११ फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये १६-१६ अशी बरोबरी होती, सुमारे दोन मिनिटे उरली होती आणि सॅन फ्रान्सिस्कोला तिसऱ्या डाउनवर, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यावर, ५ यार्ड हवे होते. ट्रेंट मॅकडफी हा कॉर्नरबॅक आपला रिसीव्हर सोडून सरळ क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीच्या अंगावर गेला, कोणी अडवले नाही, आणि त्याने उडी मारून फेक हातानेच उडवली. सॅन फ्रान्सिस्कोला फील्ड गोलवर, म्हणजे चेंडू लाथाडून मिळणाऱ्या तीन गुणांवर, समाधान मानावे लागले. चीफ्सनी ३ सेकंद उरले असताना बरोबरी साधली आणि जादा वेळेत २५-२२ असा सामना घेतला.

वर्षभराने याच चीफ्सवर उलटी वेळ आली. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे बचाव-प्रशिक्षक विक फँजिओ यांनी पॅट्रिक माहोम्सविरुद्ध संपूर्ण सामन्यात एकही ब्लिट्झ केला नाही, आणि तरीही माहोम्सला सहा वेळा सॅक केले. त्यांतल्या अडीच सॅक एकट्या जॉश स्वेटच्या. पुढचे चौघेच समोरच्या पाचांना पुरून उरत होते, त्यामुळे मागे सात जण निवांत राखण करत होते. माहोम्सला फेकायला जागा दिसेना, तो चेंडू धरून राहिला, आणि चौघांना पोहोचायला वेळ मिळाला. मध्यंतराला २४-०, शेवटी ४०-२२. ज्याच्याकडे असे चार जण आहेत त्याला उसने घ्यावे लागत नाही. मात्र असे चौघे एकाच संघात जमणे दुर्मीळ असते, म्हणून बाकीचे प्रशिक्षक ब्लिट्झ राखून ठेवतात आणि बहुधा तिसऱ्या डाउनवर, समोरच्याला फेकावेच लागणार अशा वेळी काढतात.

आता टीव्हीवर ओळखण्याविषयी. पुढच्या फळीत किती जण उभे आहेत हे मोजण्याचा मोह टाळावा, कारण फसवणूक तिथेच मांडलेली असते. मॅकडफीसारखा कॉर्नरबॅक पुढे जाणार असेल, तर त्याने सोडलेला रिसीव्हर कोणीतरी उचलावाच लागतो. म्हणून एखादा सेफ्टी विनाकारण त्या रिसीव्हरच्या समोर सरकू लागला तर संशय घ्यावा. क्वार्टरबॅक रनिंग बॅकला, म्हणजे एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला, हाताने खुणावून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हलवत असेल, तर त्यालाही तोच संशय आलेला असतो. आणि सर्वांत सोपी खूण कॅमेऱ्याचीच आहे. प्रक्षेपणाच्या चौकटीत खोल उभे असलेले सेफ्टी सहसा मावत नाहीत. चाल सुरू होण्याआधी ते दिसत नसतील, तर ते मागे आहेत आणि बहुधा काही होणार नाही. दोघेही चौकटीत दिसू लागले, की मी हातातला चहाचा कप खाली ठेवतो.